किमरिजचा काळा दगड

दगड चुलींत घालून त्यावर अन्न शिजवितात असें कोणी सांगितलें, तर आपल्याकडील माणूस हंसल्यावांचून राहणार नाहीं. सह्याद्रीचा कातळ म्हणजे थिजलेला अग्निरस. त्यांत जळण्याजोगें कांहीं उरलेलेंच नाहीं. परंतु इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यांत, किमरिज नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथील समुद्रकांठच्या कड्यांत राखी रंगाच्या थरांमधून दीड-दोन हात जाडीचा एक काळा पट्टा गेलेला दिसतो. त्याचा तुकडा विस्तवावर ठेवला तर तो खरोखरच पेट घेतो. गांवचे गरीब लोक 'किमरिजचा कोळसा' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो चुलींत घालीत. ज्योत चांगली, पण धूर फार, राख ढीगभर, आणि गंधकाचा असा दर्प कीं पाहुण्यानें उंबऱ्यावरूनच परत फिरावें.

ह्या दगडापासून पैसा काढूं पाहणाऱ्यांनीं तीन शतकें आपले हात पोळून घेतले. आणि त्याच जातीच्या थरांनीं, तेथून शेंकडों मैल उत्तरेस, समुद्राच्या तळाखालीं, गेल्या अर्धशतकांत ब्रिटन व नॉर्वे ह्या दोन देशांचें दैव पालटून टाकलें. दगड एक, घडण एक, वय एक. मग फळ इतकें निराळें कां?

त्याची जन्मकथा प्रथम पाहूं. सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वीं, ज्यास भूगर्भशास्त्रज्ञ जुरासिक काळाचा शेवटचा भाग म्हणतात त्या वेळीं, आजच्या इंग्लंडचा बहुतेक प्रदेश उबदार व उथळ समुद्राखालीं होता. मधून मधून बेटें होतीं; त्यांवरील नद्या चिखल आणून समुद्रांत ओतीत. पाण्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणाऱ्या शेवाळाची अमाप पैदास होई, आणि मेलेलें शेवाळ सारखें तळाकडे झिरपत राही. एरव्हीं असा गाळ टिकत नाहीं. पाण्यांत प्राणवायु असला म्हणजे किडे, शिंपले व सूक्ष्म जंतु मिळून त्याचा फडशा पाडतात, आणि त्यांतील कार्बन पुनः पाण्यांत व हवेंत मिसळतो. किमरिजच्या समुद्रांत मात्र तळचें पाणी वारंवार कोंडलें जाई. वरचें पाणी खालीं उतरत नसे, आणि तळाशीं जो थोडा प्राणवायु असे तो कुजण्याच्या क्रियेंतच खपून जाई. तेव्हां उरलेलें शेवाळ न कुजतां चिखलांत गाडलें गेलें. हा क्रम लक्षावधि वर्षें चालला, आणि डॉर्सेटमध्यें चिखलाची जाडी अर्ध्या किलोमीटरच्या घरांत गेली. दाबानें तोच घट्ट होऊन त्याचा पापुद्रे सुटणारा दगड बनला. ह्यासच शेल म्हणतात.

सर्व थर सारखे संपन्न नाहींत. काळा, राखी, पांढुरका, पुनः काळा अशीं जीं आवर्तनें कड्यावर दिसतात, त्यांत पृथ्वीच्या कक्षेंत व आंसाच्या कलण्यांत हजारों वर्षांच्या मुदतीनें होणाऱ्या फेरफारांचा ठसा संशोधकांस सांपडला आहे. पृथ्वीचें पंचांगच तें; फक्त त्याचें एक पान उलटण्यास हजारों वर्षें लागतात. जातां जातां एक गैरसमज दूर केला पाहिजे. खनिज तेल राक्षसी सरड्यांच्या चरबीपासून झालें, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीही समजूत असते. ते प्राणी त्या समुद्रांत होते खरे, परंतु तेलाचें मूळ त्यांच्यांत नसून ह्या यःकश्चित् शेवाळांत आहे.

हा प्रकार केवळ प्राचीन काळींच घडला असेंही समजूं नये. आपल्या अरबी समुद्रांत सुमारें १५० मीटरपासून १००० मीटर खोलीपर्यंत प्राणवायु जवळजवळ नसलेल्या पाण्याचा प्रचंड पट्टा आज आहे, आणि भारताच्या पश्चिमेस समुद्रतळाचा उतार जेथें ह्या पाण्यांत येतो तेथील चिखल सेंद्रिय द्रव्यानें समृद्ध आहे. पावसाळ्याच्या अखेरीस असें निःसत्त्व पाणी किनाऱ्याजवळच्या उथळ भागांतही चढतें. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं इ. स. २००० मध्यें ह्याविषयीं संशोधन प्रसिद्ध केलें, तेव्हां जगाचें लक्ष ह्या किनाऱ्याकडे वळलें.

असो. किमरिजकडे परत येऊं. तेथील प्राचीन रहिवाशांनीं हा दगड घडविण्याच्या कामीं लावला, आणि माझ्या मतें तेच शहाणे. लोहयुगांत व पुढें रोमन अंमलांत किमरिजच्या शेलचीं काळीं तुळतुळीत कडीं होत असत. आपला कातारी लाटणें कांततो त्याप्रमाणें दगडाची चकती चरकावर चढवून कडें कांतून घेत आणि मधला गोल गाभा फेंकून देत. ह्या गाभ्यांचा खच पुढें जमिनींत सांपडूं लागला, तेव्हां १८ व्या शतकांतील पंडितांनीं तीं प्राचीन नाणीं ठरविलीं! 'कोळशाचा पैसा' हें नांव त्यांस अद्याप चिकटलेलें आहे.

खरा पैसा काढण्याचा पहिला मोठा खटाटोप १७ व्या शतकाच्या आरंभीं सर विल्यम क्लॅव्हेल ह्या जमीनदारानें केला. त्यानें शेलपासून तुरटी काढण्याचा कारखाना घातला. पण तुरटीचा मक्ता राजानें दुसऱ्यांस दिलेला होता, आणि कारखाना हातचा गेला. मग त्यानें शेलच्याच आंचेवर समुद्राचें पाणी आटवून मीठ केलें, आणि पुढें कांचेची भट्टी घातली. कांचेचा मक्ता सर रॉबर्ट मॅन्सेल ह्याजकडे होता. तंटा जुंपला आणि १६२३ मध्यें भट्टी बंद पडली. गृहस्थाच्या चिकाटीचें कौतुक करावें कीं त्याच्या हट्टाचें नवल करावें, हें कळत नाहीं.

पुढें दगडानें आपला गुण स्वतःच दाखविला. किमरिजच्या पश्चिमेस रिंगस्टेडजवळील होलवर्थचा कडा १८२६ मध्यें आपोआप पेटला आणि कांहीं वर्षें धुमसत राहिला. शेलमध्यें लोखंड व गंधक यांचें सोन्यासारखें चकाकणारें एक खनिज असतें. दरड कोसळून त्यास हवा व पाणी लागलें म्हणजे तें गंजूं लागतें, गंजतांना तापतें, आणि शेजारींच तेलकट दगड असल्यावर आणखी काय पाहिजे? हें पाहून कंपन्यांस हुरूप आला. त्याच शतकाच्या मध्यास वेअरहॅम व वेमथ येथें कारखाने निघाले. बंद भांड्यांत शेल तापवून ते तेल, मेण, डांबर, वार्निश व दिव्याचा वायु काढीत; पॅरिसच्या रस्त्यांवरील दिव्यांसाठींही माल जाऊं लागला. परंतु गंधकाची घाण कांहीं केल्या जाईना, शेजारी तक्रारी करीत, खर्च भागेना. आणि एकामागून एक कंपन्या बुडाल्या.

ह्या सर्वांचें चुकलें कोठें? शेलमधील सेंद्रिय द्रव्य हें तेल नव्हे. ती तेलाची कच्ची स्थिति होय. तिला केरोजेन म्हणतात. ही गोष्ट आमच्या गृहिणींस शास्त्रज्ञांहून लवकर समजेल. लोण्यांत तूप असतें, पण कढविल्यावांचून तें सुटत नाहीं. आंच कमी पडली तर लोणी नुसतें पातळ होतें, अधिक झाली तर करपतें. केरोजेनला लागणारी आंच ढोबळपणें १०० अंश सेंटिग्रेडपासून १५० पर्यंत, आणि वेळ लक्षावधि वर्षें. त्याहून अधिक तापलें तर तेलाचाही वायु होतो. भूगर्भांत दर किलोमीटरास उष्णता सुमारें ३० अंशांनीं वाढते. म्हणजे हा चिखल तीन-चार किलोमीटर खोल गाडला गेला पाहिजे. डॉर्सेटमधील थर तितका खोल कधीं गेलाच नाहीं. पृथ्वीनें लाखों वर्षांत मंद आंचेवर करावयाचें काम कंपनीवाले भट्टींत चार घटकांत उरकूं पाहत होते.

उत्तर समुद्राखालीं मात्र भूकवच ताणलें जाऊन मोठा खळगा पडला होता. तो खचत गेला, वर नवनवे थर सांचत गेले, आणि किमरिजच्या वेळचाच चिखल तेथें योग्य आंचेस पोंचला. सुटलेलें तेल दगडांच्या बारीक छिद्रांतून सरकत वाळूच्या व खडूच्या थरांत जाऊन अडकलें. १९६९ मध्यें नॉर्वेच्या हद्दींत एकोफिस्क, १९७० मध्यें ब्रिटनच्या हद्दींत फोर्टीज आणि १९७१ मध्यें ब्रेंट अशीं तेलक्षेत्रें लागोपाठ सांपडलीं. ब्रेंट हें वास्तविक एका समुद्रपक्ष्याचें नांव. पण आज आपल्या वर्तमानपत्रांत पेट्रोल महागण्याची वार्ता येते तेव्हां 'ब्रेंटचा भाव' हे शब्द हटकून असतात. त्या मूळ क्षेत्रांतील उपसा २०२१ मध्यें थांबला. नांव मात्र बाजारांत राहिलें.

दोघां शेजाऱ्यांस एकाच वेळीं गुप्तधन सांपडावें, तसें हें झालें. नॉर्वेनें १९९० मध्यें कायदा करून तेलाच्या उत्पन्नाची ठेव निर्माण केली. मुदलास हात न लावतां उत्पन्नापुरताच खर्च करावयाचा असा तिचा दंडक, आणि आज ती जगांतील अशा ठेवींमध्यें सर्वांत मोठी आहे. ब्रिटनमध्यें आलें तसें खर्चिलें गेलें. तेथील तेलाचा उपसा १९९९ मध्यें शिगेस पोंचून उतरणीस लागला. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस दोन्हीं तऱ्हेचे कर्ते पुरुष माहीत असतील.

आणखी एक गंमत. किमरिजच्या कड्यावर १९५९ मध्यें तेलाची विहीर खोदण्यांत आली व १९६१ पासून तेथील पंप दशकानुदशकें मान हालवीत तेल उपशीत आला. किमरिजच्या दगडानें अखेर तेल दिलें असें कोणासही वाटेल. पण तें तेल ह्या दगडाचें नव्हेच! त्याच्याखालीं खोल, अधिक जुन्या काळचा दुसरा एक शेल आहे. तो पुरेसा तापला होता, आणि तेल त्याचें आहे.

ह्या हिशेबाला दुसरी बाजू आहे. शेवाळानें हवेंतून घेतलेला कार्बन कोट्यवधि वर्षें ह्या चिखलांत कोंडलेला होता. त्यांतील जो भाग तेल होऊन वर आला, त्याचा मोठा वांटा आपण दोन पिढ्यांत जाळून हवेंत परत सोडला. त्यानें पृथ्वी तापते, समुद्र तापतो, आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. गेल्या कांहीं दशकांत समुद्रांतील प्राणवायु घटत असल्याचें मापनांनीं सिद्ध झालें आहे. म्हणूनच तेलाशीं कांहीं कर्तव्य नसलेले शास्त्रज्ञही आतां किमरिजच्या कड्याकडे वळले आहेत: समुद्राचा श्वास कसा कोंडतो, आणि तो मोकळा होण्यास किती काळ लागतो, याचा इतका सविस्तर लेख दुसरीकडे क्वचितच मिळेल. आपल्या किनाऱ्यावर मासळीवर पोट भरणाऱ्या लाखों कुटुंबांस ह्या प्रश्नाचें उत्तर परकें नाहीं.

तळाशीं कुजविणारे जीव थोडे, म्हणून त्या चिखलांत मोठ्या प्राण्यांचीं कलेवरेंही पुष्कळदां शाबूत राहिलीं. स्टीव्ह एचेस ह्या नळकाम करणाऱ्या गृहस्थानें सुटीच्या दिवसांत किनारा पालथा घालून असे अश्मीभूत अवशेष आयुष्यभर गोळा केले, आणि २०१६ मध्यें किमरिज गांवांतच त्यांचें संग्रहालय उघडलें. २०२२ मध्यें तेथील वाळूवर प्लायोसॉर नांवाच्या भयंकर सागरी प्राण्याचें नाकाड पडलेलें आढळलें. बाकीची कवटी वर उभ्या कड्यांत होती. दोरांना लोंबकळत ती खोदून काढली, तेव्हां तिची लांबी सुमारें दोन मीटर व दांत १३० भरले. उरलेलें धड अद्याप कड्यांतच असावें असा एचेस यांचा विश्वास आहे, आणि समुद्र तर दर हिवाळ्यांत तो कडा पोखरीत आहे.