मळमळ आणि खाज: भुलीनंतरची दोन गाऱ्हाणी

१८९८ साली जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर या शल्यविशारदाने पाठीच्या कण्यातील द्रवात कोकेन सोडून शरीराचा खालचा भाग बधिर केला. शस्त्रक्रिया वेदनेवाचून पार पडली. पण त्याच्या पहिल्या काही रुग्णांना मागाहून डोकेदुखीने व ओकारीने हैराण केले.

आज सिझेरियन प्रसूतीत बहुधा पाठीतूनच भूल देतात. आई जागी असते. बाळाचे पहिले रडणे तिच्या कानी पडते. नेमक्या त्या घटकेला पोटात ढवळू लागले, किंवा पुढे अंगाला खाज सुटली, तर त्या आनंदावर विरजण पडते. पुष्कळजणी ‘हे व्हायचेच’ म्हणून मुकाट्याने सोसतात. वस्तुतः हे दोन्ही त्रास बऱ्याच अंशी टाळता येतात. मात्र त्यांची मुळे निरनिराळी आहेत.

मळमळीचे मूळ बहुधा पोटात नसून रक्तदाबात असते. भुलीने खालच्या अंगातील रक्तवाहिन्या सैलावतात व रक्त तेथे साठून राहते; त्यातच जड गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या नीलेवर पडतो. रक्तदाब उतरला, की मेंदूचा रक्तपुरवठा उणावतो आणि ओकारीचे केंद्र चाळवते. म्हणून आईला किंचित डावीकडे कलते निजवतात, शिरेतून सलाइन देतात, आणि दाब उतरण्याची वाट न पाहता फेनिलेफ्रिनसारखे रक्तवाहिन्या आवळणारे औषध आरंभापासूनच सुरू करतात. ऑन्डान्सेट्रॉनसारखी ओकारीवरील औषधे त्याच्या जोडीला असतात.

खाजेची कथा वेगळी. नंतरची वेदना शमावी म्हणून भुलीच्या औषधात मॉर्फिन मिसळतात. त्याचा सुमारे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा, जवळजवळ दिवसभर आराम देतो. परंतु तेच मॉर्फिन मज्जारज्जूतील संवेदनांवर परिणाम करते आणि नाक, चेहरा, छाती खाजू लागते. ही बहुधा ॲलर्जी नसते. म्हणूनच अंगावरच्या गांधींसाठी घेतात ती गोळी येथे फारशी उपयोगी पडत नाही. मॉर्फिनची मात्रा बेताची ठेवणे हाच पहिला उपाय. तरीही खाज असह्य झाली, तर नाल्बुफिनच्या लहानशा मात्रेने ती उतरते आणि वेदनाशमनही टिकून राहते.

राहता राहिला आईचा वाटा. भूलतज्ज्ञ तिच्या उशाशीच असतात. मळमळ वाटताच तिने त्यांना सांगावे, संकोच करू नये. कारण रक्तदाब उतरू लागल्याची पहिली वर्दी कित्येकदा तिच्याच शब्दांतून मिळते.