देऊळ बंद, क्रूस उघडा

बांद्र्याच्या रानवार, पाली, चिंबई या जुन्या गावठाणांतून पायी हिंडलं की दर दोन-चार वळणांनी एक क्रूस आडवा येतो. एखादा घराच्या ओट्याला टेकलेला, एखादा नव्या इमारतीच्या कुंपणात निम्मा गाडला गेलेला. पायथ्याशी मेणबत्तीचे ओघळ आणि सुकलेला झेंडूचा हार. चौथऱ्यावर साल कोरलेलं असेल तर जरा वाकून वाचावं. एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि विसाव्याची सुरुवात, एवढ्यातलंच साल पुष्कळदा निघतं. इथले जुने ईस्ट इंडियन कॅथलिक रहिवासी त्यांना प्लेगचे क्रूस म्हणतात.

प्लेग मुंबईत आला तो सप्टेंबर १८९६मध्ये, मांडवी बंदरालगतच्या वस्तीत. तो ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. गोव्यातल्या हडफड्याचे हे कॅथलिक डॉक्टर पुढे महापालिकेचे अध्यक्षही झाले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, पण सिग्नलला थांबलेल्यांपैकी मान वर करून तो पाहणारे थोडेच. बांद्रा तेव्हा मुंबईत नव्हतं. ठाणे जिल्ह्यात, स्वतंत्र नगरपालिकेचं ते गाव होतं. साथ खाडी ओलांडून तिथं पोचली, तेव्हा माणसं घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहू लागली. जे मागे राहिले त्यांनी गावाच्या तोंडाशी क्रूस उभारले आणि संध्याकाळी तिथं जमून जपमाळ म्हटली. साथीनं वेशीच्या आत येऊ नये, हा त्यातला भाव. वेशीवर मरीआईला नैवेद्य ठेवून तिला गावाबाहेर वाट दाखवणाऱ्या शेजाऱ्यांचाही भाव फार वेगळा नसावा. धर्म बदलला तरी वेशीवरची भीती तीच राहते.

चौकातल्या क्रूसाची ही कल्पना मात्र बांद्र्याची नव्हे, ती फार जुनी आहे. १५७६मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्लेग शिरला. सरकारी अधिकारी आणि सरदार शहर सोडून गेले, आर्चबिशप कार्लो बोरोमेओ राहिले. लोकांना घरांत कोंडून घातलेलं, मग मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, व्हायची कुणासाठी? बोरोमेओंनी चौकाचौकांत वेद्या मांडायला लावल्या. धर्मगुरू रस्त्यावर मिस्सा अर्पण करायचे आणि कोंडलेली कुटुंबं खिडकीतून गुडघे टेकून सहभागी व्हायची. साथ ओसरल्यावर अशा चौकांत क्रूसाचे स्तंभ उभे राहिले. खिडकीतून मिस्सा बघणाऱ्या त्या बाया-पोरांची मला मार्च २०२०मध्ये फार आठवण झाली. आमची खिडकी पाच इंचांची होती, एवढाच फरक.

वसईत आम्ही चर्चला देऊळ म्हणतो. लॉकडाऊनच्या त्या आठवड्यांत देऊळ बंद होणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन उमगणार नाही. धर्मग्राम (देवळाला जोडलेली वस्ती) म्हणजे नुसती रविवारची मिस्सा नव्हे. बाळाचा बाप्तिस्मा, लग्नाच्या चिठ्ठ्या, आजाऱ्याकडे फादरांनी नेलेलं कम्युनियन, मे महिन्यात आळीच्या क्रूसापाशी रोजची जपमाळ, तिच्यानंतर वाटलेले चणे, हे सगळं त्यात आलं. त्यातून उपवासकाळ चालू. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला, उत्तम शुक्रवार १०ला, पुनरुत्थानाचा रविवार १२ला. वर्षातला सगळ्यांत भरगच्च आठवडा आणि दाराला कुलूप. गंमत म्हणजे ज्या कायद्याच्या आधारे निर्बंध आले तो साथरोग कायदा १८९७चा, म्हणजे प्लेगच्याच धामधुमीतला. क्रूस आणि कायदा, दोघंही एकाच साथीत जन्मले आणि दुसऱ्या साथीत पुन्हा कामाला लागले.

झावळ्यांच्या रविवारी आमच्या आजीनं परसातल्या माडाची झावळी काढायला लावली, स्वतः तिचा क्रूस विणला आणि मोबाइलसमोर धरला. फादरांनी पडद्यावरून पाणी शिंपडण्याची खूण केली. ‘पोचलं का रे?’ तिनं विचारलं. मी ‘पोचलं’ म्हणालो. खरं तर नेटवर्क अडकलं होतं.

तिचा प्रश्न भाबडा नव्हता. कॅथलिक धर्मशास्त्राचं सगळं कोडं त्यात आहे. आपल्याकडे भजन रेडिओवर ऐकलं तरी भजनच असतं, देवाचा फोटोही दर्शन देतो. कॅथलिक संस्कारांचं तसं नाही. कम्युनियनची भाकर जिभेवर किंवा तळहातावरच पडावी लागते. पापनिवेदन फोनवर चालत नाही, त्यासाठी धर्मगुरू आणि माणूस समोरासमोर लागतात. म्हणून पडदा प्रार्थनेला पुरला, संस्काराला नाही. मग चर्चनं जुन्या पेट्या उघडल्या. मनातल्या मनात ख्रिस्ताला स्वीकारण्याची ‘आध्यात्मिक कम्युनियन’ ही रीत पूर्वीपासून होती. अठराव्या शतकातल्या संत आल्फोन्सस लिगोरी यांची त्यासाठीची प्रार्थना एकाएकी घराघरात पाठ झाली. २० मार्च २०२०च्या व्हॅटिकनच्या आदेशानं कोविडचे रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांच्यासाठी विशेष क्षमादान जाहीर झालं. इस्पितळात एकट्यानं मरणाऱ्याजवळ फादर पोचू शकले नाहीत, तरी तो चर्चच्या प्रार्थनेतून सुटत नाही, असं आश्वासन त्यात होतं. पाच दिवसांनी आलेल्या दुसऱ्या आदेशानं पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी त्या वर्षापुरता गाळला.

२७ मार्चला पोप फ्रान्सिस संत पेत्राच्या रिकाम्या चौकात, भुरभुर पावसात उभे राहिले. जगभर ते दृश्य पाहिलं गेलं. त्यांच्यामागे सान मार्चेल्लो देवळातला लाकडी क्रूस होता. १५१९च्या आगीत देऊळ जळालं तेव्हा तो वाचला आणि १५२२च्या प्लेगमध्ये रोमच्या गल्ल्यांतून सोळा दिवस त्याची मिरवणूक निघाली. पाचशे वर्षांपूर्वी क्रूस गल्लीत फिरला होता, या वेळी चौक मोकळा आणि माणसं दाराआड. बव्हेरियातल्या ओबरआमरगाऊ गावाची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. १६३३च्या प्लेगमध्ये त्या गावानं नवस केला, की वाचलो तर ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं नाटक करत राहू. दर दहा वर्षांनी ते होतं. २०२०चा प्रयोग साथीमुळेच दोन वर्षं पुढे गेला. साथीसाठी बोललेल्या नवसाला साथीनंच थांबवलं.

आपल्याकडे त्या वर्षी मोत माउलीची, म्हणजे बांद्र्याच्या मारियामातेची, जत्राही भरली नाही. ८ सप्टेंबरच्या सणानंतर बांद्र्याचा डोंगर आठवडाभर माणसांनी फुलतो. नवसाला मेणाचे हात-पाय, मेणाची बाळं वाहायला सगळ्या धर्मांचे लोक येतात. त्या वर्षी टेकडीचे रस्ते ओस पडले.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र मृत्यूची होती. मार्चअखेर मुंबई महापालिकेनं कोविडच्या सर्व मृतदेहांना अग्नी द्यावा असं परिपत्रक काढलं आणि ते त्याच दिवशी बदललं. तोवर भीती पसरायची ती पसरलीच होती. कॅथलिकांना दहन वर्ज्य नाही. रोमनं १९६३मध्येच त्याला मुभा दिली. फक्त रक्षा उधळायची किंवा वाटून घ्यायची नाही, ती पवित्र जागीच ठेवायची, असं २०१६च्या सूचनेत स्पष्ट केलं होतं. पण मुभा कागदावर असते आणि माती मनात. केरळात आलप्पुळाच्या बिशपांनी जुलै २०२०मध्ये देवळाच्याच स्मशानभूमीत दहन करून तिथंच रक्षा पुरायची परवानगी दिली. त्या भागात जमिनीखाली पाणी इतकं वर, की खोल खड्डा खणणंच कठीण. धर्मशास्त्र आणि भूजल यांची अशी सांगड क्वचितच घातली गेली असेल. आमच्याकडे शेवटच्या प्रार्थनेला दहा-बारा माणसं, फादर प्लास्टिकच्या पोशाखात, आणि तिसऱ्या दिवसाची मिस्सा मोबाइलवर. मोठ्या आवाजात रडायचं कसं, म्यूट काढून की म्यूट ठेवून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास जग हस्तांदोलन सोडून नमस्कार शिकत होतं. आम्हाला त्याचं जरा हसू यायचं. भारतातल्या मिस्सेत शांतीचं अभिवादन हात जोडून करायला रोमनं १९६९मध्येच मान्यता दिली होती.

महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली १६ नोव्हेंबर २०२०ला, दिवाळीच्या पाडव्याला. दारात तापमापक, बाकांवर अंतराच्या पट्ट्या, पवित्र पाण्याची भांडी कोरडी. पुढे दुसऱ्या लाटेत दारं पुन्हा लागली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेला परत उघडली.

या साथीचा क्रूस कुठं उभा राहिलेला मला अजून दिसलेला नाही. उभारायचा तर जागा कुठली? गल्ल्यांतही जमता येत नव्हतं. तेव्हाची प्रार्थना टीव्हीच्या टेबलावर, मूर्ती आणि चार्जर यांच्यामध्ये झाली. आमच्या देवळातल्या माडीवर मोबाइल लावायची तिकाटणी मात्र अजून आहे. मिस्सा अजूनही दिसते, कारण अंथरुणाला खिळलेल्यांची सोय झाली. आजी त्यांतलीच. रविवारी सकाळी ती डोक्यावर पदर घेते, पडद्यावर फादर दिसेपर्यंत कुणाला बोलू देत नाही, आणि कम्युनियनच्या वेळी जीभ न काढता डोळे मिटते. मग संध्याकाळी फादर किंवा एखादी सिस्टर खरी भाकर घेऊन घरी येते.