गवळाऊ वळू निवडताना रंग पाहायचा की चाल? समजून घ्या ३ मुद्द्यांत

नरखेड : गोऱ्हा चालायला चपळ, औताला दणकट, पण अंगावर काळा ठिपका. त्याला वळू म्हणून राखायचं की बैल करायचा? नागपूर, वर्धा, अमरावती पट्ट्यात गवळाऊ गोवंश जोपासणाऱ्यांना हा निर्णय वेळेत घ्यावा लागतो.

गवळाऊची ओळख काय?
पांढरा-राखाडी रंग, लांबट अरुंद डोकं, आखूड शिंगं, हलकं अंग आणि वेगवान चाल. ओढकामासाठीच ही जात नावाजली. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथे तिचं पैदास केंद्र आहे.

दोष कसा तोलायचा?
१. दिसण्यातला : शिंगांचा बाक, रंगाची छटा यामुळे काम अडत नाही. ठळक ठिपका मात्र संकराची खूण असू शकतो. आधी आई-बाप पाहा.
२. कामाचा : वाकडे पाय, फाकलेले खूर. गोऱ्हा कितीही देखणा असला तरी ओझ्याखाली असे पाय दगा देतात.
३. वंशात उतरणारा : वाकडा जबडा किंवा एकच अंडकोष उतरलेला असेल, तर कामाचा असूनही वळू म्हणून नको. अपघाताने आलेलं लंगडेपण वासरांत उतरत नाही.

चूक महाग का पडते?
गाय वर्षाला फार तर एक वासरू देते. वळूची वासरं गावभर होतात. ट्रॅक्टर आणि संकरित गाईंमुळे शुद्ध गवळाऊ आधीच घटल्या. क्षुल्लक कारणाने चांगले गोऱ्हे बाद केले, तर जवळच्या नात्यातली पैदास वाढते आणि लपलेले दोष वर येतात.

थोडक्यात : आधी पाय, मग वंश, शेवटी रंग.