शेतकऱ्याची म्हातारपणची पुंजी : ती कोठें ठेवावी ?

सरकारी नोकरास निवृत्तीचा दिवस ठरलेला असतो. शेतकऱ्यास तो नसतो. हातपाय चालतात तोंवर राबावयाचें आणि ते थकले म्हणजे मुलांच्या तोंडाकडे पाहावयाचें, अशी आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील रीत आहे. ‘जमीन हीच आमची पेन्शन,’ असें अनेक काश्तकार अभिमानानें म्हणतात. परंतु ही जमीन बहुतांशीं कोरडवाहू, पैशाचें मुख्य पीक कापूस, आणि पाऊस व भाव हे दोन्ही आपल्या हातचे नव्हेत. म्हणून कांहीं पुंजी शेताबाहेर असणें अवश्य आहे. ती कोठें ठेवावी, याचा विचार येथें करूं.

पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनें नोव्हेंबर २०२१ मध्यें निर्बंध घातले, तेव्हां ठेवीदारास ५,००० रुपयांहून अधिक रक्कम काढतां येईना. २०२२ सालीं त्या बँकेचा परवानाच रद्द झाला. बँकेंतील ठेवीस विम्याचें संरक्षण असतें. त्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्यें १ लाखावरून ५ लाख रुपये करण्यांत आली. एका बँकेंत एका ठेवीदाराची मुद्दल व व्याज मिळून ही मर्यादा आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तर हा विमाच नाहीं. तेव्हां टक्का-दीड टक्का जादा व्याजाच्या लोभानें जन्माची कमाई एकाच ठिकाणीं ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

दुसरा प्रश्न महागाईचा. दरसाल शेंकडा ६ महागाई धरली तर बारा वर्षांत किंमती दुप्पट होतात. सप्टेंबर २०१९ मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान मानधन योजनेचें उदाहरण घ्या. २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या, १८ ते ४० वर्षें वयाच्या शेतकऱ्यानें वयाप्रमाणें दरमहा ५५ ते २०० रुपये भरावयाचे, तितकेच सरकारनें घालावयाचे, आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळावयाचे, अशी तींत तजवीज आहे. योजना उपयुक्त खरी. परंतु वरील हिशेबानें तीस वर्षांनंतरच्या ३,००० रुपयांत आजच्या सुमारें सव्वापांचशें रुपयांचाच माल येईल. व्याजाचे दरही कायम राहत नाहींत. पब्लिक प्रॉव्हिडंट फंडावर १९९९ सालीं शेंकडा १२ व्याज होतें. एप्रिल २०२० मध्यें तें ७.१ वर आलें.

यावर उपाय तोच, जो आपण शेतांत करतों. कपाशींत तुरीच्या ओळी घालणारा शेतकरी एकाच पिकावर विसंबत नाहीं. राष्ट्रीय पेन्शन योजना १ मे २००९ पासून सर्व नागरिकांस खुली झाली. तींत पैसा मुख्यतः कंपन्यांचे शेअर, कंपन्यांचे कर्जरोखे व सरकारी रोखे यांत वांटला जातो. शेअरचा भाव कापसासारखा चढतो व पडतो. वीस-पंचवीस वर्षें हातीं असणारा ही पडझड सोसूं शकतो. दोन वर्षांवर साठी आलेला सोसूं शकत नाहीं. म्हणूनच या योजनेंतील वयानुसार वांटणीच्या मध्यम मार्गांत पस्तिशीपर्यंत निम्मा पैसा शेअरमध्यें असतो, आणि पुढें तो उतरत जाऊन पंचावन्नाव्या वर्षीं शेंकडा १० वर येतो. मात्र जमलेल्या मोठ्या रकमेचा कांहीं भाग मासिक पेन्शनसाठीं गुंतवावा लागतो, हें आधींच ध्यानांत ठेवावें.

आमचें मत असें कीं, प्रथम सावकाराचें देणें फेडावें. त्याच्या व्याजाएवढा नफा कोणतीही गुंतवणूक खात्रीनें देत नाहीं. नंतर एका नापिकीच्या वर्षाचा खर्च हाताशीं ठेवावा. मग दर हंगामांत कापसाचे पैसे येतांच ठरलेला हिस्सा बाजूस काढावा. तरुणानें त्यांतील कांहीं भाग शेअरकडे व कांहीं प्रॉव्हिडंट फंडांत घालावा. फंडांत वर्षास किमान ५०० रुपये भरले तरी चालतात, मात्र मुदत १५ वर्षांची आहे. साठी उलटलेल्यानें पोस्टांतील ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहावी. तिची मुदत ५ वर्षें असून व्याज दर तिमाहीस मिळतें, आणि ठेवीची मर्यादा एप्रिल २०२३ मध्यें ३० लाख रुपये झाली आहे.

शेवटीं एक सूचना. प्रत्येक खात्यावर वारसाची नोंद करावी, आणि कोठें काय ठेविलें आहे तें घरच्या लक्ष्मीस सांगावें. बियाण्याची निवड आपण जितक्या काळजीनें करतों, तितकीच काळजी येथेंही घेतली, तर उतारवयांत मुलांपुढें हात पसरण्याची पाळी येणार नाहीं.