रॅरिटनच्या तीरावरील महालक्ष्म्या

भाद्रपद उजाडला की कळमनुरीतील घरोघरच्या माळ्यांवरून पेट्या खाली उतरतात. पितळी मुखवटे चिंच लावून लख्ख घासले जातात, पत्र्याच्या कोठ्यांना ऊन दाखविले जाते आणि वर्षभर घडीत राहिलेली जरीची पातळे पुन्हा उलगडली जातात. गणराय सर्वांचेच, परंतु मराठवाड्यातील घराला धाक असतो तो महालक्ष्म्यांचा. सोवळे, सोळा भाज्या, ज्वारीच्या पिठाची आंबील, पुरणावरणाचा नैवेद्य, यांत काही उणे राहिले तर घरातील वडील माणसांच्या मनास ते वर्षभर टोचत राहते. हा कुलाचार बहुधा थोरल्याच्या घरी चालतो. भाऊ वेगळे निघाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी आमच्या घराण्यात महालक्ष्म्या एकाच ठिकाणी उभ्या राहतात आणि तीन दिवस सर्वांनी तेथे जमावयाचे असते.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, आमच्या थोरल्या बंधूंचा एकुलता मुलगा, म्हणजे या कुलाचाराचा पुढचा धनी, २०२१ साली पत्नी व मुलीसह अमेरिकेस गेला. परदेशगमनाच्या गोष्टी पूर्वी पुण्या-मुंबईच्या घरांतून ऐकू येत. आता आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांतूनही मुले जातात. न्यू जर्सी राज्यातील एडिसन गावी त्यांनी बिऱ्हाड थाटले. तेथील ओक ट्री रोडवर आपल्याकडच्या वाणसामानाची दुकाने ओळीने आहेत. तेव्हा डाळ-तांदूळ, हळद-कुंकू यांची ददात नव्हती. ददात होती ती निराळ्याच गोष्टींची. पहिल्या हिवाळ्यात दुपारी साडेचारलाच अंधारून येई आणि सूनबाईंना तिन्हीसांजेचा दिवा लावण्याची वेळ कोणती हेच समजेना. देवघर स्वयंपाकघरातील कपाटाच्या एका कप्प्यात होते. उदबत्ती लावली की छताचा धूरसूचक यंत्रभोंगा केकाटू लागे, म्हणून ती खिडकी उघडून, बाहेरच्या बर्फाच्या वाऱ्यात धरून लावावयाची. तीन वर्षे गणपतीत ती मंडळी दूरध्वनीच्या पडद्यावर कळमनुरीची आरती पाहत आणि हात जोडीत. “आम्ही इथं राहतो, पण नांदत नाही,” असे सूनबाई एकदा आमच्या वहिनींना म्हणाल्याचे आम्हांस आठवते. त्या एका वाक्याने वहिनी दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

२०२४ साली त्यांनी स्वतःचे छोटेसे घर घेतले आणि गणपती बसविण्याचे ठरविले. पेणच्या मूर्ती काही महिने आधीच जहाजाने तिकडे जातात, त्यामुळे मूर्ती मिळाली. पहिला पेच पडला तो पंचांगाचा. आमचे बंधू पंचांग जाणतात. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. ती बदलण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच, पण घड्याळे मात्र निरनिराळी. त्या वर्षी चतुर्थी आपल्याकडे ६ सप्टेंबरच्या दुपारी तीनच्या सुमारास लागली आणि ७ तारखेस सायंकाळी साडेपाचनंतर संपली. गणेशचतुर्थीस मध्यान्हीची तिथी घ्यावयाची, म्हणून आपल्याकडे गणपती शनिवारी, ७ तारखेस बसले. न्यू जर्सीचे घड्याळ त्या दिवसांत साडेनऊ तास मागे. तेथे चतुर्थी ६ तारखेच्या पहाटेच लागली व दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास संपलीही. मध्यान्हकाळी चतुर्थी असलेला दिवस तेथे एकच, शुक्रवार. बंधूंनी कागदावर दोनदा आकडेमोड केली व निर्णय दिला: “तुम्ही शुक्रवारीच बसवा. सूर्य तुमच्या डोक्यावर येईल तो खरा.”

परिणाम असा झाला की, कळमनुरीस हरतालिकेची रात्र होती, वहिनींचा निर्जळी उपवास चालू होता, वाळूच्या महादेवापुढे शेजारच्या बायका जागरणास बसल्या होत्या, आणि रात्री साडेनऊ वाजता पडद्यावर नातवाच्या वयाच्या कुठल्या तरी शेजारपोराच्या हातात टाळ देऊन आमचा पुतण्या भर दुपारी बारा वाजता श्रींची प्रतिष्ठापना करीत होता. “अगं बाई, आमची हरतालिका सुटायची आहे अन् तुमच्याकडं गणपती जेवायला बसले!” वहिनी म्हणाल्या. बायका हसल्या. बंधू मात्र गंभीरपणे पंचांग मिटून बसले होते. आपला मुलगा आपल्याहून एक सण पुढे गेला, हे त्यांना कसेसेच वाटले असावे.

दुसरा पेच संकल्पाचा. संकल्पात आपण काळाबरोबर स्थळही सांगतो: द्वीप कोणते, खंड कोणता, कोणत्या नदीचा कोणता तीर. कळमनुरीकरांस ते पाठच असते. आम्ही गोदावरीच्या उत्तर तीरावरचे. आता पुतण्याने काय म्हणावे? जंबुद्वीप म्हणावे तर ते खोटे. अमेरिकेतील काही पुरोहित क्रौंचद्वीप म्हणतात, असे त्याने कळविले. बंधूंना ते पटलेही नाही आणि खोडताही आले नाही. शेवटी त्यांनी विचारले, “तुमच्या गावाजवळून कोणती नदी वाहते?” रॅरिटन नावाची नदी एडिसनच्या कडेने वाहते, असे उत्तर आले. “मग तिचं नाव घे. ज्या पाण्यावर राहतोस ते पाणी सांगायचं.” कलशपूजेत तर गंगा, यमुना, गोदावरी यांना आपण बोलावतोच, कळमनुरीच्या नळाच्या पाण्यात त्या येतात, तर तिकडच्या नळात का येणार नाहीत? बाकीचे उपचार त्यामानाने सोपे होते. दूर्वा दुकानात मिळाल्या, पत्री मिळाली नाही. जे नाही त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात ही सोय आपल्या पूजाविधीत पहिल्यापासूनच आहे.

खरा प्रश्न पुढे होता, आणि तो विचारावयास कोणी धजत नव्हते. महालक्ष्म्यांचे काय? मुखवटे तिकडे पाठवावेत, तर वहिनींच्या डोळ्यांदेखत कळमनुरीचे घर रिकामे होणार. न पाठवावेत, तर बंधूंनंतर ते उभे कोण करणार? नवे मुखवटे घ्यावेत, तर एका घराण्याच्या महालक्ष्म्या दोन ठिकाणी कशा उभ्या राहतील? गुरुजींना विचारले. ते म्हणाले, “शास्त्राची आडकाठी नाही, घराच्या चालीची आहे, ती तुम्ही ठरवा.” आमच्या मते हा निर्वाळा खरा होता, पण त्याने कोणाची झोप परत आली नाही. रात्री उशिरा वहिनी आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, मुखवटे गेले की पोरगं परत येत नाही बघा. मुखवटे इथं आहेत तोवर त्याला वाट आहे.” यावर आम्ही काय बोलणार?

वाट निघाली ती अनपेक्षित दिशेने. एडिसनला सूनबाईंच्या ओळखीच्या एक रत्नागिरीकडच्या बाई आहेत. त्यांच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणावयाचे, तेच पाटावर मांडावयाचे, त्यांचीच पूजा. “तसं केलं तर चालेल का?” असे सूनबाईंनी भीतभीत विचारले. वहिनींना प्रथम रागच आला. “खड्यांच्या? त्या कोकणात! आपल्याकडं उभ्या असतात.” पण बंधूंचे मन त्या गोष्टीकडे वळले होते. ते म्हणाले, कोकणातलीच माणसे मॉरिशसला गेली होती ना?

या ठिकाणी थोडे विषयांतर करावयास हवे. मॉरिशस बेटावर १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून नेले गेले. त्यांत पुढे कोकणपट्टीतील मराठी कुटुंबेही होती. पोर्ट लुईस बंदरातील ज्या धक्क्यावर ती उतरली, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थळ ठरला. समुद्रगमन कलिवर्ज्य मानले जात असतानाचा तो काळ. त्यांना ना पंचांग पुरविणारे होते, ना घरी विचारावयास दूरध्वनी. मळ्याची भाषा क्रिओल. तरीही १८९६ पासून त्या बेटावर सार्वजनिक गणेशपूजन चालत आले आहे, आणि आज गणेशचतुर्थीस तेथे सरकारी सुट्टी असते. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ होऊन अजून नाचली जाते. त्यांच्यापैकी कितीकांनी आपले मुखवटे, टाक गलबतात घेतले असतील? मिळेल त्या मातीचा देव आणि मिळेल त्या पाण्याची पूजा, यावरच त्यांनी घरे उभी केली असणार, असे बंधूंचे म्हणणे. आणि आमच्याच जिल्ह्यातील नरसीचे नामदेवराय? ते पंजाबात घुमानला जाऊन राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. “नरसीहून त्यांच्यामागं कोणी काही पाठवलं होतं का?” बंधूंनी विचारले. वहिनींनी उत्तर दिले नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच एडिसनला दूरध्वनी लावला.

मंगळवार, १० सप्टेंबर. अनुराधा नक्षत्र होते. शाळेची मोटार येण्यापूर्वी आमची सात वर्षांची नात आईबरोबर रॅरिटनच्या काठी गेली. खडे आणणाऱ्या कुमारिकेने वाटेत बोलावयाचे नसते व मागे वळून पाहावयाचे नसते. ही मुलगी एरवी क्षणभर गप्प बसत नाही. काठावर फिरावयास आलेल्या एका वृद्ध गृहस्थाने तिला हसून काही विचारले. तिने ओठ घट्ट मिटून मान हलविली, आणि तो बिचारा ओशाळला. मागाहून सूनबाईंनी त्यांना सारे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी टोपी काढली म्हणे. सात खडे ओंजळीत घेऊन ती घरी आली, उंबरठ्यावर तिच्या पावलांवर दूध-पाणी घातले गेले, दारापासून देवापर्यंत रांगोळीची पावले काढलेली होती. लाकडी जमिनीवर रांगोळी उठत नाही म्हणून ती तांदळाच्या पिठात पाणी कालवून बोटाने काढली होती.

बुधवारी पूजन. कळमनुरीस घर भरलेले होते. कोठ्यांत धान्य, मुखवट्यांवर नथी, दारी पंगती. एडिसनला तो कामाचा दिवस. पुतण्याने रजा काढली. सोळा भाज्यांपैकी अकरा जमल्या. हळदीकुंकवास शेजारच्या एक तेलुगू बाई आल्या, दोन गुजराती आल्या आणि त्या रत्नागिरीकडच्या बाई आल्या. आरतीच्या वेळी कापराने भोंगा वाजलाच. एका गुजराती बाईंनी खुर्चीवर चढून त्याखाली पंख्याने वारा घातला, आणि आरती पुरी झाली. आंबील मात्र सूनबाईंनी अगदी आमच्या घरच्या चवीची केली होती, असे पुतण्याने सांगितले. ते ऐकून वहिनी पदराने डोळे पुसू लागल्या. आनंदाने की कशाने, ते आम्ही विचारले नाही. त्या वेळी त्यांच्या पाठीमागे आमच्या दोन्ही महालक्ष्म्या उभ्या होत्या. पुढच्या पिढीत त्या कोठ्यांत धान्य कोण भरणार, हे अजून ठरलेले नाही.

विसर्जनाच्या दिवशी खडे पुन्हा नदीत सोडले गेले. त्या रात्री, म्हणजे आपल्या पहाटे, सूनबाईंचा दूरध्वनी आला. आवाज घाबरलेला होता. सातातले सहाच खडे पाण्यात गेले. एक मुलीने मुठीत लपवून परत आणला. आता काय करायचे, पुन्हा नेऊन सोडायचा का, दोष तर लागणार नाही ना?

विसर्जनाहून परतताना नदीची वाळू घरी आणून कणगीत टाकण्याची जुनी रीत आहे. वहिनी अंथरुणात उठून बसल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “राहू दे. तांदळाच्या डब्यात ठेव.”