गिलाव्यामागचं गणित

गवंडीकाम बघून शिकायचं, त्याला वर्ग कशाला, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. पण बघून हात शिकतो, कारण शिकत नाही. आतल्या भिंतीला साधारण 12 ते 15 मिलिमीटरचा एक थर पुरतो. पाऊस झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीला दोन थरांत मिळून सुमारे 20 मिलिमीटर लागतात. सिमेंटचं प्रमाण आत एकास सहा, बाहेर एकास चार असं बदलतं. सिमेंट जास्त घातलं की भिंत मजबूत होते, हा समज मात्र चुकीचा आहे. असा गिलावा सुकताना अधिक आकसतो आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी ओतणं, काँक्रीटला टाचे न मारता त्यावर माल थापणं, सात दिवस पाणी मारायचं टाळणं, या चुका उस्तादाकडून शागिर्दाकडे जशाच्या तशा जातात.

थापीची सफाई वर्गात येत नाही, हा आक्षेप खराच आहे. ती ओळंबा आणि रंधा हाताळूनच येते. रोज बुडवून शिकणं नाक्यावरच्या मजुराला परवडत नाही, हेही खरं. म्हणूनच 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतली, कामातून मिळवलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय मोलाची आहे. मात्र प्रमाणपत्राने मजुरी वाढली नाही, तर तो कागदच. त्यामुळे ठेकेदाराने आणि घरमालकानेही शिकलेल्या हाताचं मोल द्यायला हवं.