तुरीचे सहा महिने

मेस ड्युटीवर असताना तुरीच्या डाळीची पोती मोजायचे काम माझ्याकडे आले. आपल्याकडे मोझांबिकहूनही तूर येते, असे भूगोलाच्या सरांनी तेव्हा सांगितले. त्या देशात १९७७ ते १९९२ यादवी युद्ध चालले आणि सुमारे दहा लाख माणसे मेली, हे वाचल्यावर मी तिथल्या शेतीचे काय झाले ते शोधू लागलो.

माझा समज होता की युद्धात पिके जळतात म्हणून शेती बुडते. पण जळलेले पीक पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येते. तूर काढणीला यायला सहा महिने किंवा जास्तच लागतात. तोवर आपण गावात असू की नाही हेच माहीत नसेल, तर शेतकरी पेरणार कशाच्या भरवशावर? काजूला तर फळ धरायलाच तीन-चार वर्षे लागतात. १९७०च्या सुमारास मोझांबिक जगातल्या सर्वांत मोठ्या काजू उत्पादकांपैकी एक होता. तो मागे पडला त्याला इतरही कारणे होती, पण पळून जायच्या तयारीत असलेला माणूस झाड लावत नाही.

धरण बांधणाऱ्याचेही तसेच. पैसा आज घालायचा, परतावा वीस-तीस वर्षांनी. झांबेझी नदीवरचे काहोरा बासा धरण दक्षिण आफ्रिकेला वीज विकण्यासाठी बांधले होते. धरण शाबूत राहिले. 'रेनामो'च्या बंडखोरांनी वीजवाहिनीचे मनोरे पाडले. (धरणावर पहारा ठेवता येतो, शेकडो किलोमीटर तारेवर किती शिपाई उभे करणार?) नंतर सुमारे १९०० मनोरे नव्याने उभारावे लागले. वीज जवळजवळ बंद, कर्ज मात्र चालूच.

ऑक्टोबर १९९२ मध्ये रोममध्ये शांतता करार झाला, पण जमिनीतले सुरुंग तसेच राहिले. शेतात सुरुंग एकच असला तरी तो कुठे आहे हे कळेपर्यंत अख्खे शेत पडीक. सुरुंग पेरणाऱ्याला काही मिनिटे लागतात, आणि काढणारा गुडघ्यांवर बसून इंचाइंचाने पुढे सरकतो. देश सुरुंगमुक्त जाहीर झाला तो २०१५ मध्ये, कराराला तेवीस वर्षे झाल्यावर.

तुरीच्या खरेदीचा भारत-मोझांबिक करार २०१६चा. या दोन गोष्टींचा थेट संबंध आहे असे मी म्हणत नाही. पण त्यानंतर पोती मोजताना माझी मोजणी दोनदा चुकली.